तीन खुर्च्यांची एक्सप्रेस

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘ट्रॅव्हल एजंटच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळी आहे, वाचकांना जरा हलकंफुलकं लागतं,’ असं ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि मग कागद पुढ्यात घेऊन नुसतीच बसून राहिले. गमती पुष्कळ आठवल्या, पण प्रत्येक गंमत फिरून फिरून दळवी काकांपाशी येऊन थांबायला लागली. तेव्हा आधीच सांगून टाकते, हे हलकंफुलकं होणार नाही. ज्यांना हसायचं आहे त्यांनी सुरुवातीलाच हसून घ्यावं.

मी शैला. राहते बदलापूरला, पण नोकरी सगळी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये झाली, हरूमल शेठच्या विमान तिकिटांच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे दोन फर्निचरवाल्यांच्या मध्ये अडकलेला एक गाळा. काचेचं दार, आत दोन टेबलं, गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या आणि मागे शेठची केबिन. बाहेरच्याला वाटतं, तिकीट काढून देणं एवढंच यांचं काम. खरं तर तिकीट काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम त्याच्या अलीकडे आणि पलीकडे असतं. अलीकडे व्हिसाची फाइल. पासपोर्टवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, फोटोत दोन्ही कान दिसतात का, बँकेच्या कागदावर शिक्का आहे का. पलीकडे म्हणजे विमान उतरल्यावर. तिथे आमची जबाबदारी कागदोपत्री संपलेली असते आणि माणसाची भीती नेमकी तिथेच सुरू होते.

आमच्याकडे गिऱ्हाईक दोन जातीचं. एक उल्हासनगरचे सिंधी व्यापारी. ते माल आणायला पूर्वेकडच्या देशांत जायचे आणि त्यांना कशाचीच भीती नसायची. दुसरे अंबरनाथ-बदलापूरचे आईबाप. आमच्या इकडे दर बिल्डिंगीत एखादा तरी फ्लॅट असा असतो की ज्यात पोराची खोली जशीच्या तशी ठेवलेली असते आणि पोरगा परदेशात असतो. हे आईबाप आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार असायचे. मुलगा फोनवर सांगायचा, ‘आई, विमानतळावर यायला मला जमणार नाही, मीटिंग आहे. पण काळजी नको. खाली एक मजला उतरलात की एक्सप्रेस ट्रेन आहे, ती सरळ शहरात आणून सोडते. मी स्टेशनवर उभा असेन.’ आई म्हणायची, ‘हो रे बाळा.’ आणि दुसऱ्या दिवशी दोघं पासपोर्टाची पिशवी पोटाशी धरून माझ्यासमोर हजर.

आता गंमत बघा. आपल्या विमानतळावर उतरून बदलापूरला यायचं, तर शिळफाट्याला गाडी अशी अडकते की तेवढ्या वेळात माणूस दुसऱ्या देशात पोचेल. त्यामुळे विमानातून उतरायचं, सरकत्या जिन्याने खाली जायचं आणि गाडीत बसायचं, हे आमच्या लोकांना खोटंच वाटायचं. ‘मध्ये रिक्षा नाही?’ असं मला कितीतरी जणांनी विचारलं आहे.

म्हणून मी सराव सुरू केला. हे माझ्या नोकरीत कुठे लिहिलेलं नव्हतं आणि याचे शेठने कधी कुणाकडून पैसेही घेतले नाहीत. दुपारी जेवणं झाली, बाजार जरा सुस्तावला, की मी तीन खुर्च्या ओळीत लावायचे. ही एक्सप्रेस. जमिनीवर लाल चिकटपट्टीची रेघ मारली होती, तो फलाट. शेठची केबिन म्हणजे इमिग्रेशन. झेरॉक्स मशीन म्हणजे तिकिटाचं गेट. जुनी कॅलेंडरं भरलेली एक बॅग होती, ती ओढत दोघांनी केबिनपासून चालत यायचं, वर टांगलेल्या पाट्या वाचायच्या (त्याही मीच कार्डबोर्डवर लिहिल्या होत्या), योग्य पाटीखाली उभं राहायचं, गाडी आली की चढायचं. गाडीची घोषणा मी करायचे. कुठल्या शहरात विमानतळाचं स्टेशन जमिनीखाली आहे, कुठे तिकीट डब्यात मिळत नाही, कुठे दोन गाड्या एकाच फलाटावर येतात, हे मी मुलांना फोन करकरून विचारून ठेवलेलं असायचं. स्वतः मी विमानात एकदाच बसले आहे, पुतणीच्या लग्नाला नागपूरला. आणि तिथून मांडवात रिक्षाने गेले.

शेठ सुरुवातीला वैतागायचे. ‘शैला, मेरे ऑफिस को तूने कल्याण जंक्शन बना दिया,’ असं ओरडायचे. पुढे तेच केबिनमध्ये चष्मा लावून इमिग्रेशनवाला व्हायला लागले. ‘हाउ मेनी डेज?’ असं इतक्या कडक आवाजात विचारायचे की एकदा अंबरनाथच्या एका निवृत्त मास्तरांनी घाबरून त्यांना खरोखरच पासपोर्ट काढून दिला.

माझ्या सरावाचा सगळ्यांनाच उपयोग झाला असं नाही. एक कापडवाला व्यापारी होता. तो विमानतळावर उतरला, स्टेशनात गेला, तिथे तिकिटाचं नुसतं मशीन. त्याने बराच वेळ कुणी माणूस येतो का याची वाट पाहिली आणि शेवटी चिडून टॅक्सीने गेला. आल्यावर मला म्हणाला, ‘मॅडम, जहां सामने आदमी ही नहीं, वहां भाव किससे करूं?’ त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आणि वांगणीच्या बाजूच्या हिराबाय. लेकीच्या बाळंतपणाला एकटी निघाली होती, सुकटीची पिशवी आणि डिंकाचे लाडू घेऊन. सगळा सराव चोख केला तिने. तिकडे एक्सप्रेसमध्येही व्यवस्थित चढली, पण नेमकी बसली शांत डब्यात. त्या गाड्यांना एक डबा असा असतो, तिथे बोलायचं नाही. तिथून तिने मला फोन लावला. ‘बाय, यां कोन मेलाय का गं? सगली मुकाट बसल्यान. मी बोलतंय तं माज्याकडं बगतान.’ मी म्हटलं, हिराबाय, फोन ठेवा. तर म्हणाली, ‘कशाला ठेवू? तुजाच आवाज तवरा माज्या वलकीचा हाय.’ ते वाक्य ऐकून मी तिला शहर येईपर्यंत फोनवर धरून ठेवलं. हे असं कुणी बोललं की दिवसभर अंगात बळ यायचं. आपण काहीतरी कामाचं करतोय असं वाटायचं. तसं वाटण्याचे दिवस होते ते.

आता दळवी काका.

त्यांच्याविषयी सांगण्याआधी आमच्याकडची एक सवय सांगायला हवी, कारण ती माहीत नसेल तर पुढचं काही कळणार नाही. बदलापूरहून मुंबईला गाड्या सुटतात. अंबरनाथ आणि उल्हासनगर पुढची स्टेशनं, तिथे येईपर्यंत गाडीत बसायला जागा उरत नाही. म्हणून तिथले लोक मुंबईची गाडी पकडतच नाहीत. ते आधी उलट्या दिशेची गाडी धरतात, बदलापूरला येतात, उतरतच नाहीत. तीच गाडी मग मुंबईकडे फिरते आणि हे लोक खिडकीशी बसून जातात. याला आमच्याकडे ‘रिटर्न मारणं’ म्हणतात. यावरून बदलापूरकरांची आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणं. आमचे हे तर निवृत्त झाल्यावरही रिटर्नवाल्यांचं नाव काढलं की जेवता जेवता तापतात.

दळवी काका अंबरनाथचे, पक्के रिटर्नवाले. फोर्टातल्या एका कंपनीत टपालाच्या खात्यात होते. ‘ताई, आपण नोकरीभर एकदा पण उभा गेलो नाय,’ असं मला अभिमानाने सांगायचे. मी म्हणायचे, ‘म्हणजे आमच्या ह्यांची सीट तुम्हीच खाल्लीत तर!’ यावर काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. काकूंचे गुडघे फार वाईट होते. परळला दवाखान्यात न्यायचं असलं तरी काका त्यांना आधी बदलापूरला आणायचे, बसलेल्या जागेवरून गाडी फिरवून न्यायचे. ‘हिला उभं राहायला लागलं तर माझा उपयोग काय?’ असं ते म्हणत.

त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल युरोपातल्या एका मोठ्या शहरात होता. शहराचं नाव लिहीत नाही, काकूंना आवडणार नाही. तिकडे जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती आणि आईबापांना पहिल्यांदाच बोलावलं होतं. व्हिसा झाला, तिकिटं पुढल्या महिन्याची निघाली आणि दोघांचा सराव सुरू झाला. इतके मन लावून सराव करणारे मी दुसरे पाहिले नाहीत. आठवड्यातून दोनदा अंबरनाथहून यायचे. काकू खुर्चीत बसताना बॅग आधी आत घ्यायच्या, मी शिकवलं होतं तशी. त्या विमानतळाचं स्टेशन मधलं होतं. एका बाजूने गाड्या शहरात जायच्या, दुसऱ्या बाजूने शहराबाहेर, लांबच्या गावांना. मी लाल पट्टीच्या दोन रेघा मारल्या, दोन पाट्या लावल्या. ‘चुकून त्या बाजूच्या गाडीत बसायचं नाही,’ असं सांगितलं. काका म्हणाले, ‘छे, चुकून कसा बसेन?’

आणि मग एक दिवस सकाळी काकांचा फोन आला. निखिल खोलीत कोसळला होता. डोक्यात रक्तस्राव. त्याच्या खोलीवर राहणारा मित्र होता, सेल्वा नावाचा तमिळ मुलगा, त्याने कळवलं. निखिल दवाखान्यात बेशुद्ध होता आणि डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

शेठने त्या दिवशी स्वतः फोनवर बसून तिकिटं बदलून घेतली. ‘छा थ्यो? छा थ्यो?’ म्हणजे ‘काय झालं?’, असं सिंधीत विचारत त्यांनी ओळखीतली सगळी माणसं हलवली. त्याच रात्रीच्या विमानात दोन जागा मिळाल्या. सेल्वा म्हणत होता की मी विमानतळावर घ्यायला येतो. पण मग निखिलजवळ कुणीच राहिलं नसतं. तिकिटं न्यायला ऑफिसात आलेल्या काकांनी त्याला फोनवर सांगितलं, ‘बेटा, तू उसके पास बैठ. हमको रास्ता पाठ है.’ मी समोरच उभी होते. मला त्यांचा अभिमान वाटला, हे इथे लिहायलाच हवं. टॅक्सी सकाळच्या गर्दीत अडकली असती. एक्सप्रेस हाच सगळ्यात जवळचा रस्ता होता आणि तो त्यांना खरंच पाठ होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या दुपारी, तिथल्या सकाळी, फोन आला. काकांचा आवाज थकलेला पण ठीक होता.

‘ताई, गाडीत बसलो. हिला बसायला जागा मिळाली.’

‘छान झालं काका. पाटीवर शहराचं नाव होतं ना?’

‘नाय, उलटी पकडली. तिकडची भरून आली हो, लोक दारापर्यंत उभे. हिचे गुडघे रात्रभर विमानात बसून पार गेलेत. म्हटलं, एक स्टेशन मागे जाऊ, बसून येऊ. शेवटचं स्टेशन आलं की फिरेल ना ही?’

मी सांगितलं होतं, चुकून बसू नका. ते चुकून बसलेच नव्हते. ते मुद्दाम, विचार करून, बायकोच्या गुडघ्यांसाठी बसले होते, आयुष्यभर बसले तसे.

‘काका, ही गाडी फिरत नाही. पुढचं स्टेशन येईल तिथे उतरा. समोरच्या बाजूची गाडी पकडा.’

‘स्टेशनं येतायत ताई. पण ही थांबतच नाय.’

मी कॉम्प्युटरवर ती लाइन उघडली. एक्सप्रेसच होती ती. शहरापासून दूर जाणारी, मधली सगळी गावं सोडून थेट लांबच्या एका शहरात थांबणारी. मी नकाशावर बघत होते आणि ते माझ्या डोळ्यांसमोर लांब लांब जात होते. मी काय करणार होते? बदलापूरची बाई उल्हासनगरात बसून परक्या देशातल्या गाडीची साखळी कशी ओढणार? तिकीट तपासायला आलेल्या माणसाकडे काकांनी फोन दिला. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस होता. त्याने दोनदा ‘सॉरी’ म्हटलं, परतीची गाडी कुठून मिळेल ते कागदावर लिहून दिलं, काकूंना पाणी आणून दिलं. पण गाडी थांबवणं त्याच्याही हातात नव्हतं.

मग काकूंनी फोन घेतला. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, ‘शैलाताई, एवढं करा. निखिलला सांगा, आम्ही येतोय म्हणून. गाडीत बसलोय म्हणावं.’

मी सेल्वाला फोन लावला. तो पोरगा आधीच घाबरलेला होता, हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला, त्यांना लवकर यायला सांगा. मी म्हटलं, फोन निखिलच्या कानाशी धर. त्याने धरला. पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता. मी या मुलाला कधी पाहिलेलंही नव्हतं. मी सरावात बोलायचे त्याच आवाजात बोलले. ‘निखिल, आईबाबा गाडीत आहेत. गाडी शहराकडे येते आहे.’ खोटं बोलले. गाडी अजून उलटीच जात होती. शेठ केबिनच्या दारात उभे होते आणि चष्मा पुसत होते.

काका-काकू त्या लांबच्या शहरात उतरले, परतीच्या गाडीत चढले आणि विमानतळाचं तेच स्टेशन ओलांडून शहरात पोचले. निखिल तोवर गेलेला होता. ते पोचले तेव्हा त्याचा हात अजून गरम होता, असं सेल्वाने मला नंतर सांगितलं. त्याने ते कशासाठी सांगितलं कुणास ठाऊक. बहुधा बरं वाटावं म्हणून. मला त्या वाक्याने अजूनही झोप लागत नाही.

सगळं तिकडेच उरकून दोघं अस्थी घेऊन परत आली. मी आणि शेठ त्यांना आणायला विमानतळावर गेलो होतो. शिळफाट्याला गाडी अडकली होती तेव्हा काकू झोपल्या होत्या आणि काका मांडीवरचा तांब्या दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते.

त्यानंतर मी सराव बंद केला. खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या. तसंही गिऱ्हाईक आटत चाललं होतं. मुलंच मोबाइलवरून तिकिटं काढून पाठवायला लागली होती आणि नव्या आईबापांना भीती कमी वाटते, किंवा वाटली तरी ती सांगायला ते आमच्यापर्यंत येत नाहीत. मला कुणी विचारलं असतं की तुझ्या नोकरीचं फलित काय, तर मी सांगितलं असतं की मी एका गावच्या आईबापांना आपल्या मुलांच्या मागे धडपडत जायला शिकवलं. ती मुलं परत यावीत म्हणून काही करणं मला जमलं नाही, आणि ते कुणालाच जमलेलं मी पाहिलं नाही.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी काचेचं दार उघडून दळवी काका आत आले. मी उठून पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, ‘ताई, जरा गाडी लावा.’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी स्वतः भिंतीजवळच्या खुर्च्या ओढल्या आणि ओळीत लावल्या. कॅलेंडरांची बॅग टेबलाखालून काढली. लाल पट्टीच्या दोन रेघा अजून जमिनीवर होत्या. ते केबिनकडे गेले. शेठने माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा लावला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘हाउ मेनी डेज?’ आणि उत्तराची वाट न पाहता त्यांना जाऊ दिलं.

ते बॅग ओढत आले. पाटी वाचली. या वेळी बरोबर रेघेपाशी उभे राहिले. मी घोषणा केली, ‘शहराकडे जाणारी गाडी.’ काका चढले, पण बसले नाहीत. खुर्च्यांच्या शेजारी, कपाटाची कडी धरून उभे राहिले आणि आपल्या बाजूला थोडी जागा सोडली. ‘जरा सरका हो, बाईमाणूस आहे,’ असं कुणाला तरी म्हणाले. मग मी शहराच्या स्टेशनचं नाव पुकारलं. ते उतरले, बॅग जागेवर ठेवली आणि दार उघडून निघून गेले.

पुन्हा आले. मग येतच राहिले. मी त्यांना नको म्हणू शकले असते. घरी ह्यांनी मला सांगितलं, ‘अशाने त्या माणसाचं दुःख वाढतंय, बंद कर.’ वाढत असेलही. पण कमी व्हावं म्हणून दुसरं काय करायचं, ते ह्यांनाही सांगता आलं नाही. काका दर वेळी बरोबर गाडी पकडायचे, दर वेळी उभे राहून शहरात पोचायचे, आणि दर वेळी मला वाटायचं की आता ते काहीतरी विचारतील. पण ते बॅग जागेवर ठेवायचे आणि निघून जायचे.

मग हरूमल शेठनी गाळा विकायचं ठरवलं. वय झालं होतं, दोन्ही मुलगे परदेशात. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. शेवटच्या दिवशी ऑफिस रिकामं झालं होतं. टेबलं गेली, झेरॉक्स मशीन गेलं, दोन खुर्च्या शेजारच्या फर्निचरवाल्याने नेल्या. मी, शेठ आणि एक खुर्ची उरलो होतो. मी फिनाइलचं पाणी घेऊन बसले होते, पण लाल पट्ट्या खरवडायला हात होत नव्हता.

दुपारी काका आले. रिकामा गाळा पाहून थोडे थबकले. मग ती एक खुर्ची त्यांनी जागेवर लावली आणि केबिनकडे निघाले. बॅग नव्हती, तरी हात बॅग ओढत असल्यासारखा मागे धरलेला.

त्याच वेळी काचेच्या दाराशी रिक्षा थांबली. काकू उतरल्या, काठी टेकत. कुणा शेजाऱ्याने काकांना उल्हासनगरात पाहिल्याचं सांगितलं होतं. ‘हे मला सांगतात की दुपारी शिवमंदिरात जाऊन बसतो,’ असं त्या दाराशीच मला म्हणाल्या आणि मग त्यांचं आत लक्ष गेलं.

काका रेघेपाशी उभे होते. मी घोषणा केली आणि ते चढून खुर्चीशेजारी उभे राहिले, बाजूला थोडी जागा सोडून. काकू पाहत राहिल्या. लाल रेघा, भिंतीवरची माझ्या अक्षरातली पाटी, ती एक खुर्ची. सगळं त्यांनाही पाठ होतं. त्यांना काहीही सांगावं लागलं नाही.

त्या हळूहळू चालत आल्या आणि काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, नेमक्या त्या जागेवर जी ते दर वेळी रिकामी सोडत होते. काकांनी वळून पाहिलं. दचकले नाहीत. फक्त खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, ‘बस.’

‘नको.’

‘अगं बस. गुडघे दुखतील.’

काकूंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि काकांच्या दंडाला धरलं.

‘मी उभी राहिले असते हो,’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिवशीपण राहिले असते. मला एकदा विचारायचं तरी.’

आता मी स्टेशनचं नाव पुकारायचं होतं. शेठ माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, पण ते नाव माझ्या तोंडून निघालं नाही, आणि ती दोघं तशीच उभी राहिली.